पावसाळ्यापूर्वी वायपरची तपासणी

साधारणतः जूनच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात मोसमी पावसाचे आगमन होते. या दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, शाळेची बस किंवा कार्यालयाची जीप यांची सुरक्षितता बऱ्याच अंशी वायपरवर अवलंबून असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. काच दोनच सेकंद धूसर राहिली, तरी सुमारे ३३ मीटर रस्ता चालकाच्या दृष्टीआड होतो. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, कार्यक्षम वायपरची तरतूद करण्यात आली आहे.

वायपर नीट चालेनासा झाला की मोटर बिघडली, असा समज होतो. तथापि दोष पुष्कळदा किरकोळ असतो. म्हणून तपासणी काच आणि रबर यांपासून सुरू करावी व मोटरकडे शेवटी वळावे.

रबर व काच

उन्हात उभ्या राहणाऱ्या वाहनाचे रबर कडक होते व त्यास चिरा पडतात. प्रथम काचेवरील धूळ व तेलकट थर धुऊन काढावा आणि रबराची कड ओल्या फडक्याने पुसावी. त्यानंतरही काचेवर पाण्याच्या रेघा उमटत असतील, तर ब्लेड बदलावे. नवे ब्लेड जुन्याच लांबीचे असावे. ब्लेड काढताना काचेवर जाड फडके पसरावे. स्प्रिंगच्या जोराने दांडा आपटल्यास काच तडकू शकते. नवे रबर बसवूनही काचेचा काही भाग कोरडा होत नसेल, तर दांड्याची स्प्रिंग सैल झाली आहे किंवा दांडा वाकला आहे, असे समजावे.

दांडे व मोटर

मोटरचा आवाज येतो, पण एकच दांडा हलत नाही, अशा वेळी त्या दांड्याच्या बुडाचा नट ढिला झालेला असण्याचा संभव असतो. दोन्ही दांडे स्थिर असतील तर आतील जोडदांडे निखळले आहेत काय, ते पाहावे. आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज, मग तारांची जोडणी व अखेरीस मोटर तपासावी. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच क्षमतेचा फ्यूज घालावा. जाड तार बांधणे म्हणजे आगीस निमंत्रण होय.

पाण्याचा फवारा

टाकीत स्वच्छ, गाळलेले पाणी भरावे. पंपाचा आवाज येऊनही फवारा उडत नसेल, तर नळी निसटली वा फाटली आहे काय, ते पाहावे. तोटीचे छिद्र क्षारांनी बुजले असल्यास बारीक सुईने मोकळे करावे. टाकी रिकामी असताना पंप चालवू नये. तसेच कोरड्या, धुळकट काचेवर वायपर फिरवू नये. त्यामुळे काचेवर कायमचे ओरखडे पडतात.

ही तपासणी मे महिन्यातच करून तिची नोंद वाहनाच्या लॉगबुकात घ्यावी. अल्पशा खर्चाची ही दक्षता भर पावसात, घाटातील वळणावर वाहनातील सर्वांचे प्राण वाचवू शकते.