दुभंगलेला ओठ व टाळू : बालकाच्या दंतकमानीचे अवलोकन

ओठ व टाळू दुभंगलेले बालक वैद्याकडे येते ते बहुधा अन्य कारणाने. वारंवार होणारा प्रतिश्याय, कर्णस्राव, भार न वाढणे किंवा अनुनासिक वाणी, या तक्रारी घेऊन पालक येतात. ओठ शिवला गेला आहे, टाळूही बंद झाली आहे, म्हणजे मूळ व्याधी संपला असे ते मानतात. आणि खेदाने म्हणावे लागते की, आम्हीही तसेच मानत होतो.

संहितांत या विषयाचे धागे विखुरलेले आहेत. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात नासासंधानानंतर ओष्ठसंधानाचा निर्देश केला आहे. विधी नासिकेप्रमाणेच, केवळ नाडीयंत्र वगळून. वाग्भटाने ओष्ठरोगांत वातज खंडौष्ठ सांगितला असून, कडा लेखन करून सीवन करावे व पुढे व्रणाप्रमाणे उपचार करावेत असे म्हटले आहे. हे वर्णन जन्मजात विकृतीचेच आहे असा आग्रह आम्ही धरणार नाही. मात्र गर्भातील वातप्रकोप आणि दौहृदाची अवहेलना यांची फळे सांगताना सुश्रुताने ‘मिन्मिन’ हा शब्द वापरला आहे. टाळू दुभंगलेल्या बालकाचे नाकातले बोल ज्याने ऐकले आहेत, त्याला या शब्दाची नेमकेपणाने ओळख पटते. चरकाने बीजभागाच्या उपतप्तीमुळे त्या त्या अवयवाची विकृती सांगितली आहे. आनुवंशिकतेचा विचार तेथे स्पष्ट आहे. ग्रहणात गर्भिणीने विळी हाती घेतली म्हणून ओठ फाटला, ही समजूत मात्र आमच्या वाचनातील कोणत्याही संहितेत नाही. माता हा दोष आयुष्यभर मनात बाळगते, म्हणून पहिल्याच भेटीत तिला हे सांगावे.

आता दंतकमानीकडे वळू. ओठाची जोडणी गर्भाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात, तर टाळूची बाराव्या आठवड्यापर्यंत पूर्ण होते. ही जोडणी राहिली तर वरच्या हिरडीचा कमानदार अस्थी दोन तुकड्यांत विभागला जातो. एकाच बाजूला भेग असेल तर लहान तुकडा आत वळतो. दोन्ही बाजूंना असेल तर मधला भाग नाकाखाली पुढे येतो आणि बाजूचे दोन्ही तुकडे त्याच्या मागे मिटत जातात. भेगेलगतचा लहान कृंतक दात पुष्कळदा नसतोच, असला तर वाकडा किंवा जास्तीचा असतो.

परंतु कमान आकुंचित होण्याचे कारण केवळ ही भेग नव्हे. श्रीलंकेत मायकेल मार्स व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेविना वाढलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यांत वरच्या जबड्याची पुढे वाढण्याची क्षमता बरीचशी अबाधित आढळली. म्हणजे टाळूवरील शस्त्रक्रियेचा व्रणवस्तूच कमानीला आत खेचतो. मग टाळू शिवूच नये काय? तसे नव्हे. ती न शिवल्यास वाणी बिघडते, अन्न नाकात जाते. वाणीसाठी शस्त्रक्रिया लवकर हवी, वाढीसाठी उशिरा हवी. या ओढाताणीतून आज ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांत आणि टाळू नऊ ते अठरा महिन्यांत शिवण्याची पद्धत रुळली आहे. तोवर बालकाला उभ्या स्थितीत धरून बोंडल्याने दूध पाजणे, हे काम आपल्याकडील आजीला शिकवावे लागत नाही.

पुढील टप्पा मात्र सर्वांच्याच नजरेतून निसटतो. आमच्याकडे पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनासाठी येणारा एक मुलगा होता. अनेक वर्षे त्याचा अग्नी, बल, निद्रा यांची नोंद आम्ही केली. तोंड उघडून कमान एकदाही पाहिली नाही. तेराव्या वर्षी वरचे दात खालच्या दातांच्या आत बसलेले दिसले. नाकातून पाणी येते म्हणून आम्ही प्रतिश्यायाची औषधे देत होतो. वास्तविक हिरडीतील छिद्र उघडेच होते. सुळा अस्थिहीन भेगेत उतरून हलू लागला होता.

भेगेत श्रोणीच्या अस्थीचा मगज भरण्याची शस्त्रक्रिया सामान्यतः आठव्या ते अकराव्या वर्षांत, सुळ्याचे मूळ अर्धे ते दोनतृतीयांश तयार झाले असता करतात. तत्पूर्वी आवश्यकतेनुसार तारेच्या साधनाने कमान रुंदावतात. नंतर सुळा त्या नव्या अस्थीतून खाली येतो आणि स्वतःच त्या अस्थीला टिकवून धरतो. दात उतरल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेचे यश तुलनेने कमी असते. काश्यपाने दंतजन्मिक अध्यायात सांगितलेल्या ‘द्विज’ दंतांचाच हा काळ आहे.

या भेगेत घृत, तैल वा गंडूष यांनी अस्थी भरून येईल असे कोणीही सांगू नये. कवल पाच वर्षांखाली व नस्य सात वर्षांखाली वर्ज्य असल्याचे वाग्भटवचन येथे विशेषत्वाने पाळावे. छिद्र असता द्रव नाकात शिरतो. आहार, अग्निरक्षण, व्रणोत्तर बल्य चिकित्सा आणि मुखाची स्वच्छता हे आपले क्षेत्र आहे. भेगेलगतच्या किडलेल्या दातावर वेळीच उपचार झाले नाहीत, तर शस्त्रक्रियाही पुढे ढकलावी लागते.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेल्या ओठ-टाळूचा समावेश आहे, हे ग्रामीण भागातील पालकांना सांगावे. आम्ही आता अशा प्रत्येक बालकाच्या केसपेपरवर सातव्या वर्षाच्या पुढे तांबड्या शाईने ‘दंतवैद्य, क्ष-किरण’ असे लिहून ठेवतो. त्या मुलावर चौदाव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. सुळा वाचला नाही. छिद्र बंद झाले आणि आता पाणी नाकातून येत नाही.