चित्र गेलं कुठं?

झाशीतल्या आमच्या मराठी मंडळींपुढे गणेशोत्सवात विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’वर बोलायचं कबूल करून बसलो होतो. टिपणं संगणकात. चार दिवस उरले असताना बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह झळकलं, ठिपके गोल फिरले आणि पडदा काळाकुट्ट.

१. काळा पडदा म्हणजे मेलेलं यंत्र नव्हे. हे कळलं तेसुद्धा चिडून कळफलक बडवताना. नम लॉकचा दिवा माझ्या बोटासरशी लागत होता, विझत होता. म्हणजे आत सगळं जागं होतं. सुरुवातीचं चिन्ह दिसतंय त्याअर्थी मॉनिटरही ठीक, वायरही ठीक. घोळ त्यानंतरचा, विंडोजनं चित्राचा ताबा घेतल्यावरचा. रेल्वेत बत्तीस वर्षं सिग्नलचे बिघाड शोधलेल्या माणसाला एवढा हिशेब मांडायला दीड दिवस लागला.

२. हाताशी खोडरबर असलं की दुखणं रॅमचंच वाटतं. भादव्याचा दमटपणा, त्यात कूलर. रॅमच्या पट्टीवर गंज चढला असणार असं ठरवून मी ती काढली, घासघास घासली. रॅम बिघडली असती तर बहुधा ते चिन्हसुद्धा दिसलं नसतं, हे तेव्हा सुचलं नाही. मग मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा गोल सेल बदलला. पडदा काळाच राहिला, वर तारीख कित्येक वर्षं मागे गेली.

३. दुकानात नेलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, दाताच्या डॉक्टरच्या दारात दाढ थांबते तसं. इलाइट चौराह्याजवळच्या पोरानं डबा स्वतःच्या मॉनिटरला जोडला आणि पहिल्या झटक्यात सुरू करून दाखवला. “बाबूजी, इसमें तो कुछ है ही नहीं.” ऑटोत मांडीवर घेऊन घरी आणला, एकूणएक वायरी होत्या तशा जोडल्या. पुन्हा अंधार! मग मी व्होल्टेजला दोष दिला. झाशीत व्होल्टेजच्या नावावर काहीही खपतं. भार कमी व्हावा म्हणून फ्रिजसुद्धा बंद केला. घरच्या वायरी मात्र तपासल्या नाहीत. नोकरीत एखाद्या कनिष्ठानं रिले टेबलावर तपासून ‘सर्किट ठीक आहे’ असं लिहून दिलं असतं, तर त्याला मी उभा सोलला असता.

४. स्मरणशक्तीबद्दल फार बोलू नये. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट दक्षिणा मिळवायला उत्तरेत आले, इंग्रजांच्या १८५८च्या वेढ्यात इथं झाशीत अडकले, लुटले गेले, आणि साधारण पंचवीस वर्षांनी त्यांनी ते सगळं आठवून ‘माझा प्रवास’मध्ये लिहून काढलं. मी आठवडाभरापूर्वी टंकलेली चार पानं कागदावर पुन्हा उतरवायला बसलो. दीड पान झालं. त्यातही अर्धं पान प्रास्ताविक.

५. बिघाड शोधणारा आणि ज्याला तो सापडतो तो, ही दोन वेगळी माणसं असतात. तिसऱ्या संध्याकाळी बायको मालिका लावायला बसली होती. रिमोटचं भलतंच बटण दाबलं गेलं असावं. आतून हाक आली, “अहो, तुमचा गणपती इकडं आलाय!”

जाऊन पाहतो तर टीव्हीवर माझा संगणक. झाशीच्या राणीचं लग्न जिथं लागलं त्या इथल्या गणेश मंदिरातल्या मूर्तीचं चित्र मी पडद्याच्या पार्श्वभूमीला लावलेलं, ते सगळ्या फायलींसकट भिंतीवर विराजमान. रविवारी भाच्यानं मॅच बघायला संगणक टीव्हीला जोडला होता आणि चित्र ‘फक्त दुसऱ्या पडद्यावर’ असं ठेवून गेला होता. एचडीएमआयची वायर तशीच. टीव्ही रिमोटनं बंद केला तरी अर्धवट जागाच असतो, त्यामुळे विंडोज तीन दिवस इमानानं चित्र तिकडं पाठवत होतं. दुकानात टीव्ही नव्हता. तिथं ते मुकाट्यानं समोरच्या मॉनिटरवर आलं.

विंडोजची कळ दाबून पी दाबला, दोन्हीकडे चित्र ठेवलं. मॉनिटर उजळला. मी विजयी मुद्रेनं वळलो.

“फ्रिज लावा आता,” ती म्हणाली. “दूध नासलंय.”