अधीनता कोणाची?

वाचन : यिर्मया १८:१–६, इफिस ५:२१–३३, प्रेषितांची कृत्ये ५:२९

ढोकीच्या बाजूस राहणाऱ्यांस तेर गाव ठाऊकच आहे. गोरोबा कुंभारांचे ते गाव. संतांच्या मेळ्यात कच्चे मडके कोणते, असे मुक्ताबाईने गोरोबांस विचारिले. तेव्हा त्यांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले, अशी कथा सांगतात. इतरांनी मुकाट्याने सोसले. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. पण कथेचे मर्म पुढेच आहे. तेच नामदेव पुढे औंढ्यास विसोबा खेचरांकडे शिष्य होऊन गेले. नावलौकिक मिळालेल्या मनुष्याने आपणांस अजून शिकावयाचे आहे असे कबूल करणे सोपे नव्हे.

यिर्मया संदेष्टाही देवाच्या आज्ञेवरून कुंभाराच्या घरी गेला होता. भांडे हातातच बिघडले, तरी कुंभाराने माती टाकून दिली नाही. तिचेच दुसरे भांडे केले. आपण देवाच्या अधीन होतो ते ह्याच भरवशावर. ज्याने कुंभाराचे काम पाहिले आहे त्यास माहीत असेल की, बाहेरून थापटणे बसते तेव्हा आतून दुसऱ्या हाताचा आधार असतो. नुसताच बाहेरचा मार असेल तर भांडे फुटते.

हे सांगण्याचे कारण असे. बायकांनी नवऱ्यांच्या अधीन असावे, हे इफिसकरांस पत्रातील बाविसावे वचन आपल्यांतील पुष्कळ पुरुषांस तोंडपाठ असते. त्याच्या अगोदरचे, सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावे हे वचन मात्र कोणी म्हणून दाखवीत नाही! वास्तविक काही अतिप्राचीन ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनात 'अधीन' हा शब्दच नाही. तो एकविसाव्यातून घ्यावा लागतो. आणि नवऱ्याने काय करावे? ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःस दिले तसे त्याने द्यावे. घरात हात उगारणारास ह्या अध्यायात आधार नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅम येथे असता त्यांनी पुरुषांस शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. बाई नम्र होत्या, उपकार जाणणाऱ्या होत्या. तरी आपणांस देवाने सदसद्विवेकबुद्धी दिली आहे व एका पुरोहितवर्गाचे जू टाकून दुसऱ्याचे घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी १८८५ साली स्पष्ट लिहिले. कित्येकांस हा गर्व वाटला. आम्हांस तसे वाटत नाही. महासभेपुढे पेत्राने हेच केले.

आता त्याच बाईंचे पुढील आयुष्य पाहा. १८८९ साली मुंबईत शारदा सदन, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणिलेल्या उपाशी मुली व विधवा, केडगावचे मुक्तिसदन, आणि इब्री व ग्रीक शिकून अखेरपर्यंत चालविलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ही इतक्या वर्षांची चाकरी कोणी हुकूम करून घेतली नव्हती.

उपदेशक बंधूंस एक विनंती. येत्या रविवारी हा अध्याय वाचाल तेव्हा एकविसाव्या वचनापासून आरंभ करा. मंडळीत भांडण असेल तर धाकट्यास क्षमा मागावयास पाठविण्यापूर्वी थोरल्यास एकांतात भेटा. आणि घरी मार खाणारी कोणी बहीण तुमच्याकडे आली, तर तिला सोसण्याचा उपदेश करून परत पाठवू नका. वडील मंडळीस बरोबर घेऊन आधी तिच्या नवऱ्याकडे जा.