कर्करोगानंतरच्या तपासण्या : खर्च कुठे करावा, सवलत कुठे मिळते?

प्रश्न : इंदूरच्या राजेंद्र नगरातील एका वाचक भगिनीचे (वय ५४) स्तनाच्या कर्करोगावरील उपचार गेल्या वर्षी संपले. लेट्रोझोलची गोळी रोज चालू आहे. दर वर्षी पेट स्कॅन आणि ट्यूमर मार्कर करून घ्या, असा ओळखीतल्यांचा आग्रह आहे. विमा कंपनीने मॅमोग्रामचे बिल नाकारले. हा खर्च गरजेचा आहे का, त्यातले काही परत मिळेल का, असे त्या विचारतात.

उत्तर : काही त्रास नसेल तर ठरावीक काळाने पेट, बोन स्कॅन किंवा सीए १५-३ हा ट्यूमर मार्कर करायची गरज नाही. इटलीतील दोन मोठ्या अभ्यासांत अडीच हजारांहून अधिक स्त्रियांवर हेच तपासले गेले. १९९४ मध्ये निष्कर्ष आले : जास्त तपासण्या झालेल्या स्त्रिया जास्त जगल्या, असे दिसले नाही.

हात आखडू नये तो इथे. पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासणी. दर वर्षी मॅमोग्राम. लेट्रोझोलने हाडे ठिसूळ होतात, म्हणून हाडांच्या घनतेची डेक्सा चाचणी. नवी गाठ, न थांबणारी हाडदुखी किंवा धाप लागली, तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नये. तेव्हा स्कॅनचा खर्च सार्थकी लागतो.

बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे ओपीडीतला मॅमोग्राम सुटतो. तरी पॉलिसी खंडित होऊ देऊ नये. आधी क्लेम घेतला म्हणून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही.

जुनी करप्रणाली निवडली असेल, तर १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०डीडीबीखाली कर्करोगाच्या उपचारखर्चावर ४०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे. ज्येष्ठांना १ लाख. विम्यातून मिळालेली रक्कम त्यातून वजा होते. त्या पतीवर अवलंबून असतील, तर ही वजावट पतीला घेता येते.

तपासणीसाठी मुंबईला टाटा रुग्णालयात जायचे असेल, तर रेल्वेची सवलत नियमित तपासणीच्या प्रवासालाही लागू आहे. अवंतिका एक्स्प्रेसच्या स्लीपर किंवा थ्री एसीत रुग्णाचे मूळ भाडे पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट.

त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. करवजावटीसाठी कर्करोगतज्ज्ञाची चिठ्ठी हवी. तीवर रुग्णाचे नाव, वय, आजार आणि डॉक्टरांचे नाव, पत्ता, पदवी, नोंदणी क्रमांक असावा. पुढच्या भेटीत दोन्ही कागद मागून घ्यावेत.