टोमॅटोला खुंट कोणता घ्यावा?

आंब्याचे कलम आपण सर्वांनी पाहिले आहे. खाली रायवळ आंब्याचे रोप असते. त्याला खुंट म्हणतात. वर हापूसची काडी बांधतात. ती कलमकाडी. फळ येते हापूसचे, पण जमिनीतून पाणी ओढतो रायवळ खुंट. टोमॅटोचेही असेच कलम करता येते.

तुम्ही म्हणाल, टोमॅटोचे झाड चार महिन्यांचे, त्याला एवढा खटाटोप कशाला? त्याला कारण मर रोग.

ठाकुर्लीच्या भोवती आता इमारती झाल्या. तरी कल्याण तालुक्यातील खेड्यांत भात निघाल्यावर अजून भाजीपाला करतात. कोकणची उबदार, ओलसर हवा मर रोगाच्या जंतूंना मानवते. झाड हिरवेगार असते, अचानक माना टाकते आणि थोड्या दिवसांत मरते. जंतू मातीतून मुळांत शिरतात. म्हणून वरून औषध फवारून झाड वाचत नाही. बी, खत, मजुरी सारे वाया जाते. कर्ज तेवढे डोक्यावर राहते.

आधी रोग ओळखा. कोमेजलेल्या झाडाच्या बुंध्याचा तुकडा कापा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात तो उभा धरा. थोड्या वेळाने कापातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरला, तर रोग हाच.

आता खुंट निवडू या.

शेतात पाणी साचते आणि मरही येते, तर वांग्याचा खुंट घ्यावा. वांग्याची मुळे साचलेले पाणी टोमॅटोपेक्षा जास्त सोसतात. तैवानमधील जागतिक भाजीपाला केंद्र अशा जमिनीसाठी हाच सल्ला देते. पण कोणतेही वांगे चालत नाही. पुष्कळ वांगी याच रोगाने मरतात. मर न लागणारी जातच हवी.

पाण्याचा निचरा चांगला आहे, फक्त मर येते, तर मर सोसणाऱ्या टोमॅटोचा खुंट बरा.

मुळांवर गाठी येत असतील, तर तो सूत्रकृमीचा त्रास. त्यालाही दाद न देणारा खुंट मागावा.

मिरची टोमॅटोच्याच कुळातली, पण तिचा सांधा नीट जुळत नाही. आणि बांधावरचा धोत्रा? तो मुळीच घेऊ नये! धोत्र्याचे विष मुळांत तयार होते आणि वर टोमॅटोच्या फळात चढते. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९६० च्या दशकात असे टोमॅटो खाऊन एका कुटुंबाला विषबाधा झाली होती.

वांग्याचे रोप सावकाश वाढते. म्हणून त्याचे बी टोमॅटोच्या आधी काही दिवस पेरावे. कलम करताना दोन्ही रोपांचे देठ सारख्या जाडीचे हवेत. पाते स्वच्छ असावे. तंबाखू मळलेल्या हाताने रोप धरू नये, त्यातून रोग लागतो. तिरका काप घेऊन दोन्ही देठ जुळवावे आणि चिमट्याने धरावे. मग सात ते दहा दिवस रोपे सावलीत, दमट जागी झाकून ठेवावी. पुढे हळूहळू उन्हाची सवय करावी.

लावताना सांधा मातीच्या वरच राहिला पाहिजे. सांधा पुरला, तर वरच्या टोमॅटोला मुळे फुटतात. त्या मुळांतून जंतू शिरतात. मग चांगल्या खुंटाचा उपयोग काय? खुंटाला फुटलेले धुमारेही खुडून टाकावे.

कलमी रोप साध्या रोपापेक्षा महाग पडते. म्हणून आमचे सांगणे असे, की एकदम सारे शेत लावू नका. ज्या वाफ्यात झाडे मेली, तिथेच आधी दहा-वीस कलमी रोपे लावा. शेजारी साधी रोपेही लावा. कोणती जगली ते मोजा आणि वहीत लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते. आपल्या जमिनीला कोणता खुंट मानवतो, हे त्या वहीतून कळेल.

सांगा पाहू:
१. मर रोग पाण्याच्या पेल्यात कसा ओळखाल?
२. तुमच्या शेतात पाणी साचते का? मग कोणता खुंट घ्याल?
३. सांधा मातीत का पुरू नये?