संहितांचे संदर्भ कसे द्यावेत? — लेखक आणि औषधनिर्माते यांच्यासाठी काही निकष

चरकसंहितेच्या विमानस्थानातील चौथ्या अध्यायात रोगविशेषज्ञानासाठी आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान ही तीन साधने सांगितली असून आप्तोपदेशास प्रथम स्थान दिले आहे. मात्र आप्तवचन कोणाचे, कोणत्या ग्रंथातील आणि कोणत्या स्थळी आलेले, हे कळल्याखेरीज वाचकास त्याची पडताळणी करता येत नाही. ‘असे शास्त्रात सांगितले आहे’ एवढ्या विधानाने लेखकाची श्रद्धा व्यक्त होते. आधार सिद्ध होत नाही. आपल्या नियतकालिकांकडे येणाऱ्या लेखांत विषयाचे प्रतिपादन चांगले असूनही संदर्भ अपुरे असतात, असे पुष्कळदा दिसते. म्हणून प्रस्तुत लेखात संदर्भलेखनाचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

१) संहितेच्या संदर्भाची अंगे

संहितेचा संदर्भ ग्रंथ, स्थान, अध्याय आणि श्लोक या क्रमाने द्यावा. उदा. ‘च.चि. ८/१०३’ म्हणजे चरकसंहिता, चिकित्सास्थान, आठवा अध्याय, श्लोक १०३. जेथे अध्यायाचे पाद आहेत तेथे पादही लिहावा. चरकाच्या चिकित्सास्थानातील रसायन आणि वाजीकरण या पहिल्या दोन अध्यायांचे प्रत्येकी चार पाद आहेत. त्यामुळे च्यवनप्राशासाठी ‘च.चि. १/६२’ असे लिहिल्यास वाचक चार पादांत शोधत राहील, ‘च.चि. १-१/६२-७४’ असे लिहिल्यास तो थेट अभयामलकीय रसायनपादात पोहोचेल.

संक्षेप वापरताना संदिग्धता टाळावी. ‘शा.’ म्हणजे शारीरस्थान की शार्ङ्गधर? नुसते ‘वाग्भट’ म्हणजे १२० अध्यायांचे अष्टांगहृदय की १५० अध्यायांचा अष्टांगसंग्रह? लेखात प्रथम उल्लेख येईल तेथे ग्रंथाचे पूर्ण नाव देऊन संक्षेप निश्चित करावा आणि पुढे तोच पाळावा. भैषज्यरत्नावलीसारख्या ग्रंथाबाबत योग ज्या रोगाधिकारात आला आहे त्या अधिकाराचे नाव अवश्य द्यावे, कारण एकाच नावाचे योग निरनिराळ्या अधिकारांत आढळू शकतात.

२) विधान आणि आधार यांचा मेळ

संदर्भ बिनचूक लिहिला म्हणजे काम संपले असे नाही. ज्या विधानापुढे तो दिला आहे, ते विधान त्या स्थळी खरोखर आहे का, हा मुख्य प्रश्न होय. सर्वांच्या नित्य वापरातील सितोपलादि चूर्णाचे उदाहरण घेऊ. एखाद्या लेखात असे वाक्य येते: ‘सितोपला १६, वंशलोचन ८, पिप्पली ४, एला २ व त्वक् १ भाग घेऊन केलेले चूर्ण विषम प्रमाणातील मध-तुपासह द्यावे (च.चि. ८/१०३).’

या वाक्यात तीन निरनिराळी विधाने आहेत. चरकांनी राजयक्ष्माध्यायात १६, ८, ४ असे आकडे दिलेले नाहीत. शेवटच्या द्रव्यापासून वरच्या दिशेने प्रत्येक द्रव्य दुप्पट घ्यावे असा नियम दिला आहे. प्रत्यक्ष कर्षमाने शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडातील सहाव्या अध्यायात आहेत. दोहोंचे गणित एकच येते, परंतु एकाचे शब्द दुसऱ्याच्या नावे लिहिणे योग्य नव्हे. द्रव्यनामांतही भेद आहे: चरकांचा शब्द तुगाक्षीरी, तर शार्ङ्गधरांचा वंशरोचना. या दोन नावांनी एकच द्रव्य अभिप्रेत आहे का, हा द्रव्यगुणातील चर्चेचा विषय आहे आणि संदर्भाच्या सैलपणामुळे ती चर्चाच झाकली जाते. तिसरी गोष्ट मध-तुपाची. त्यांचा उल्लेख चरकांच्या या श्लोकात आहे, पण ‘विषम प्रमाणात’ हे शब्द नाहीत. सममात्रेतील मध-तूप विरुद्ध होय, हे सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायातील विरुद्धाहाराच्या विवेचनातून घ्यावे लागते. म्हणजे एका वाक्यास तीन स्थळांचे संदर्भ हवेत आणि ते त्या त्या विधानापुढेच हवेत. वाक्याच्या शेवटी एकत्र नव्हेत.

३) आवृत्ती आणि टीका

मुद्रित आवृत्त्यांमध्ये श्लोकांक पुढेमागे होतात. चरकाच्या चिकित्सास्थानात तर बंगालकडील आवृत्त्यांतील आठव्या अध्यायानंतरचा क्रम निर्णयसागर आवृत्तीपेक्षा निराळा आहे. म्हणून लेखाच्या शेवटी वापरलेल्या आवृत्तीची पूर्ण नोंद आवश्यक ठरते. ती अशी असावी: अग्निवेश, चरकसंहिता, चक्रपाणिदत्तकृत आयुर्वेददीपिका टीकेसह, संपादक वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य, मुंबई: निर्णयसागर प्रेस, १९४१. हाती पुनर्मुद्रण असल्यास त्याचा प्रकाशक व वर्ष द्यावे आणि मूळ आवृत्तीचे वर्षही नोंदवावे.

मूळ वचन आणि टीकाकाराचे मत यांची सरमिसळ करू नये. चक्रपाणींचा खुलासा चरकांच्या नावे, किंवा डल्हणांचा सुश्रुतांच्या नावे घालू नये, ‘च.चि. ८/१०३ वर चक्रपाणि’ असे स्पष्ट लिहावे. चिकित्सास्थानातील १७ अध्याय तसेच कल्प व सिद्धिस्थान दृढबलांनी पूर्ण केले आहेत. कालनिर्णयाच्या चर्चेत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. मूळ ग्रंथ न पाहता आधुनिक संग्रहावरून वचन घेतले असल्यास त्या संग्रहाचाच संदर्भ द्यावा.

४) आधुनिक साहित्याचे संदर्भ

१९७८ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या बैठकीतून जी पद्धती पुढे आली, ती आज वैद्यकक्षेत्रात सर्वाधिक परिचित आहे. तीत संदर्भांना लेखात येतील त्या क्रमाने अंक दिले जातात आणि तोच संदर्भ पुन्हा आल्यास तोच अंक वापरला जातो. शोधनिबंधाच्या नोंदीत लेखकांची नावे, निबंधाचे शीर्षक, नियतकालिक, वर्ष, खंड, अंक आणि पृष्ठे हा क्रम पाळावा. डीओआय क्रमांक असल्यास तो शेवटी द्यावा. संकेतस्थळावरील माहितीसाठी ती पाहिल्याची तारीखही लिहावी. हार्वर्ड पद्धतीत अंकांऐवजी लेखकाचे आडनाव व वर्ष येते. कोणती पद्धती निवडावी हे त्या त्या नियतकालिकाच्या सूचनांवरून ठरवावे. एकाच लेखात दोन पद्धती मिसळू नयेत.

५) औषधनिर्मात्यांचा संबंध

हा विषय केवळ अध्यापकांचा आहे असे फार्मसीचालकांनी समजू नये. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या पहिल्या अनुसूचीत प्रमाणग्रंथांची यादी आहे. औषध शास्त्रोक्त की प्रोप्रायटरी, याचा निर्णय या ग्रंथांतील पाठाशी ते कितपत जुळते यावर होतो. नियम १६१ अन्वये लेबलवर घटकद्रव्यांच्या यादीबरोबर प्रमाणग्रंथातील निर्मितीविधीचा संदर्भही अपेक्षित आहे. लेखातील सैल संदर्भ पुढे परवान्याच्या अर्जात व तेथून लेबलवर जसाच्या तसा उतरला, तर कागदावरील पाठ एक आणि बरणीतील औषध दुसरे अशी स्थिती होऊ शकते. ते औषध घेणाऱ्या रुग्णास पडताळणीचे कोणतेही साधन नसते. ती जबाबदारी आपलीच होय.

६) लेख पाठविण्यापूर्वी

प्रत्येक संदर्भ मूळ ग्रंथ उघडून पुन्हा ताडून पाहावा. स्मरणावर किंवा जुन्या टिपणांवर विसंबू नये. लेखात आलेला प्रत्येक संदर्भ शेवटच्या सूचीत आहे आणि सूचीतील प्रत्येक नोंद लेखात आली आहे, याची खात्री करावी. शक्य असल्यास लेख सहकारी वैद्याच्या हाती देऊन कोणतेही पाच संदर्भ शोधण्यास सांगावे. त्यांतील एखादा जरी सापडला नाही, तरी सर्वच संदर्भ पुन्हा तपासावेत आणि मगच लेख संपादकांकडे पाठवावा.