दुहेरी साखळी : संगणकातील यादीचे मागचे-पुढचे दुवे

गोवा शासनाने २०२१ साली ‘केअर्स’ या नावाने शाळांमधून संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याचे व यंत्रमानवशास्त्राचे प्राथमिक शिक्षण देण्याची योजना हाती घेतली. शाळेत ही तोंडओळख झालेले विद्यार्थी पुढे तंत्रनिकेतनात वा महाविद्यालयात गेले की त्यांची गाठ ‘सी’ या भाषेशी पडते, आणि ती भाषा शिकताना पुष्कळांना पहिली ठेच लागते ती ‘दुहेरी साखळी’ या प्रकरणाशी. पेडणे व डिचोली तालुक्यांतील शिक्षकांना, तसेच मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष देणाऱ्या पालकांना हे प्रकरण समजून घेता यावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. (डिचोलीकरांना साखळी म्हटले की प्रथम आपले साखळी शहर आठवेल. तेही या लेखात यथावकाश येणार आहे.)

सी भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडविली. १९७३ साली युनिक्स ही कार्यप्रणाली याच भाषेत नव्याने लिहिली गेली. १९९१ साली लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी आरंभिलेली लिनक्स ही कार्यप्रणालीही मुख्यतः सी भाषेतच लिहिलेली आहे. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी होय. या कारभाऱ्याला सदोदित याद्या राखाव्या लागतात. कोणती कामे चालू आहेत, स्मृतीचा कोणता भाग मोकळा आहे, कोणत्या फायली उघडल्या आहेत, अशा या याद्या असतात आणि त्या क्षणोक्षणी बदलत असतात.

यादी ठेवण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे आखलेली नोंदवही. पहिल्या ओळीवर पहिले नाव, दुसऱ्या ओळीवर दुसरे. सी भाषेत हिला ‘ॲरे’ म्हणतात. नावे ठराविक असतील तर या वहीसारखी सोय नाही, कारण सातशेवे नाव हवे असेल तर थेट सातशेव्या ओळीवर जाता येते. परंतु १०,००० नावांच्या यादीतून पहिलेच नाव काढून टाकावयाचे झाले आणि मध्ये रिकामी ओळ चालत नसली, तर उरलेली ९,९९९ नावे एकेक ओळ वर सरकवावी लागतात. मध्येच एक नाव घुसवावयाचे असेल तर तितकाच खटाटोप उलट दिशेने करावा लागतो. सतत बदलणाऱ्या यादीला ही रीत परवडत नाही.

येथे कोकण रेल्वेचे उदाहरण घेऊ. २६ जानेवारी १९९८ रोजी या संपूर्ण मार्गावरून गाड्या धावू लागल्या. पेडण्याजवळचा बोगदा हाच त्या मार्गातील अखेरचा अडसर होता, हे पेडणे तालुक्यातील जुन्या मंडळींना स्मरत असेल. आता पेडणे स्थानकाच्या स्टेशन मास्तरांचा विचार करा. गाडी पुढे सोडण्यासाठी त्यांना साऱ्या मार्गावरील स्थानकांची यादी पाठ असण्याचे कारण नाही. उत्तरेस मडुरे आणि दक्षिणेस थिवी, हे दोन शेजारी ठाऊक असले की पुरे. पुढच्या स्थानकाने मार्ग मोकळा असल्याची ग्वाही दिल्याखेरीज गाडी सुटत नाही. थिवीचे शेजारी पेडणे आणि करमळी, मडुऱ्याचे शेजारी सावंतवाडी रोड आणि पेडणे. प्रत्येकाने आपले दोनच शेजारी लक्षात ठेवले आहेत, आणि तेवढ्यावर सारा मार्ग दोन्ही दिशांनी जोडलेला आहे.

दुहेरी साखळी ती हीच. यादीतील प्रत्येक नोंदीला गाठ म्हणावे. गाठीत तीन गोष्टी असतात : मूळ माहिती, मागच्या गाठीचा पत्ता आणि पुढच्या गाठीचा पत्ता. सी भाषेत अशा संमिश्र नोंदीला ‘स्ट्रक्ट’ म्हणतात आणि पत्ता ठेवणाऱ्या जागेला ‘पॉइंटर’. आपण त्याला दर्शक म्हणू. दर्शकात स्वतः स्थानक नसते, स्थानक कोठे आहे एवढेच त्यात लिहिलेले असते. विद्यार्थ्यांचा गोंधळ उडतो तो नेमका येथे. पाकीट आणि पाकिटावरचा पत्ता यांत जे अंतर आहे तेच हे अंतर होय. आजच्या सर्वसाधारण संगणकावर एक पत्ता ८ बाइट जागा घेतो. म्हणजे प्रत्येक गाठीमागे १६ बाइट केवळ शेजाऱ्यांची आठवण ठेवण्यात खर्च होतात.

मधे नवी गाठ कशी घालावी, याचेही उदाहरण कोकण रेल्वेनेच दिले आहे. राजापूर रोड आणि वैभववाडी रोड या दोन स्थानकांच्या दरम्यान पुढील काळात खारेपाटण रोड हे नवे स्थानक झाले. बाकीच्या स्थानकांच्या दृष्टीने काहीच बदलले नाही. बदल झाला तो तीनच ठिकाणी, आणि त्यासाठी चार वाक्ये पुरतात. प्रत्यक्ष आज्ञावलीत नावे रोमन लिपीत लिहिण्याचा प्रघात आहे. येथे समजण्यासाठी ती देवनागरीत दिली आहेत :

खारेपाटण->मागील = राजापूर;
खारेपाटण->पुढील = वैभववाडी;
राजापूर->पुढील = खारेपाटण;
वैभववाडी->मागील = खारेपाटण;

चारांपैकी पहिली दोन वाक्ये नव्या गाठीची आहेत. ती लिहून होईपर्यंत जुनी साखळी जशीच्या तशी शाबूत राहते, म्हणून ती आधी लिहावीत. विद्यार्थी अनेकदा राजापूरची पाटी आधी बदलून मोकळे होतात आणि मग वैभववाडीचा पत्ता शोधावयास पुन्हा राजापूरकडेच जातात. राजापूर आता खारेपाटणचे नाव सांगते. परिणामी खारेपाटणच्या ‘पुढील’ या खान्यात खारेपाटणच लिहिले जाते, आणि यादी वाचीत निघालेला संगणक त्याच एका स्थानकावर अनंत काळ फिरत राहतो. वैभववाडीपासून पुढचा सारा मार्ग त्याला दुरावतो. आज्ञावलीत एकही शब्द चुकलेला नसतो. चुकलेला असतो तो फक्त क्रम.

गाठ काढून टाकणे याहून सोपे आहे. मागच्याला सांगावे, ‘तुझ्या पुढे आता माझ्या पुढचा’. पुढच्याला सांगावे, ‘तुझ्या मागे आता माझ्या मागचा’. दोन वाक्यांत काम संपते, मग यादीत दहा गाठी असोत वा दहा हजार. अर्थात जी गाठ काढावयाची तिचा पत्ता आपल्या हाती असला पाहिजे. तो शोधत बसावे लागले तर हा लाभ उरत नाही. गाठीने व्यापलेली जागा ‘फ्री’ या आज्ञेने कार्यप्रणालीला परत करावयाची असते, परंतु ती शेजाऱ्यांना निरोप पोचल्यानंतरच. आधी जागा सोडली आणि मग तिच्यातील पत्ते वाचावयास गेलो, तर तेथे तोवर कोण राहावयास आले असेल याचा नेम नसतो.

टोकांचा प्रश्नही लक्षात घ्यावा. कोकण रेल्वेला रोहा आणि ठोकूर अशी दोन टोके आहेत. रोह्याला या मार्गावर मागचा शेजारी नाही, ठोकूरला पुढचा नाही. साखळीत अशा जागी ‘नल’ म्हणजे ‘कोणी नाही’ असे लिहितात आणि प्रत्येक वेळी ‘हे टोक तर नव्हे ना?’ अशी चौकशी करावी लागते. लिनक्सच्या कर्त्यांनी यावर सुरेख तोड काढली आहे. त्यांची साखळी वर्तुळाकार असते. तिच्यात माहिती नसलेली एक मुख्य गाठ कायम ठेवलेली असते आणि यादी रिकामी असली की ती मागे-पुढे स्वतःकडेच बोट दाखविते. त्यामुळे टोक असे राहतच नाही आणि घालण्या-काढण्याची वाक्ये सर्वत्र तीच चालतात. पाठ्यपुस्तकांतून ही रीत बहुधा शेवटी दिलेली असते. आमच्या मते ती आरंभीच शिकवावी.

आता, हे सारे तंत्रज्ञांचे काम, त्याच्याशी ग्रामस्थांचा काय संबंध, असा प्रश्न काही वाचक विचारतील. एक-चौदाचा उतारा असो वा रहिवासी दाखला, आता बहुतेक कामे संगणकाच्या पडद्यावरूनच होतात, आणि त्या पडद्यामागे या साखळ्या अहोरात्र चालू असतात. या साखळ्यांवर हल्लेही झालेले आहेत.

विंडोज ही कार्यप्रणाली चालू असलेल्या कामांची यादी दुहेरी साखळीत ठेवते. २००० नंतरच्या दशकात काही घातक आज्ञावली अशा निघाल्या की त्या आपली गाठ या साखळीतून हलकेच सोडवून घेत आणि मागच्या-पुढच्या शेजाऱ्यांची गाठ परस्पर मारून देत. चालू कामे दाखविणारे साधन ही साखळी वाचीत गेले की त्याला तेथे काहीच वावगे दिसत नसे. मात्र कोणत्या कामाला किती वेळ द्यावयाचा याचा हिशेब कार्यप्रणाली वेगळ्या याद्यांवरून करीत असल्यामुळे, यादीतून नाहीसे झालेले ते काम आत बिनबोभाट चालूच राही. अशा संगणकापुढे बसलेल्या कर्मचाऱ्याला संशय येण्याचे कारणच उरत नाही. अशा वेळी तज्ज्ञ एकाच यादीवर विसंबत नाहीत. दोन निरनिराळ्या याद्या ताडून पाहतात आणि एकीत असून दुसरीत नसलेले नाव पकडतात.

दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. मोकळ्या स्मृतीचे तुकडेही दुहेरी साखळीत ओवलेले असतात. सोलर डिझायनर या टोपणनावाच्या संशोधकाने २००० साली दाखवून दिले की, एखाद्या तुकड्यातील मागचा-पुढचा पत्ता खोटा लिहिता आला, तर तो तुकडा साखळीतून काढताना संगणक हल्लेखोराला हव्या त्या जागी हवे ते लिहून बसतो. गाठ काढण्याची ती दोन निरुपद्रवी वाक्येच शस्त्र बनतात. यावरील उपाय २००४ च्या सुमारास लिनक्सच्या मूळ ग्रंथालयात आणि विंडोजमध्ये आला. गाठ काढण्यापूर्वी मागच्याला विचारावयाचे, ‘तुझ्या पुढे कोण?’ आणि पुढच्याला विचारावयाचे, ‘तुझ्या मागे कोण?’ दोघांनीही याच गाठीचे नाव सांगितले तर ती काढावयाची, अन्यथा काम तेथेच थांबवावयाचे. लिनक्सच्या पडद्यावर कधीकाळी ‘करप्टेड डबल-लिंक्ड लिस्ट’ अशी अक्षरे उमटून एखादे काम बंद पडले, तर त्याचा अर्थ हा असतो. जमिनीची हद्द ठरविताना दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलावून विचारण्याची रीत खेडोपाडी सर्वांच्या परिचयाची आहे. तीच येथे लागू केलेली आहे. एकेरी साखळीत, जिथे प्रत्येकाला केवळ पुढचाच ठाऊक असतो, अशी उलटतपासणी करताच येत नाही. तेव्हा दुसऱ्या दर्शकापायी जाणारे ते ८ बाइट वाया जातात असे म्हणवत नाही.

वर्गात हे प्रकरण शिकविताना १०, २०, ३० असे आकडे फळ्यावर मांडण्याची पद्धत आहे. त्याने उत्तरे पाठ होतात, समज येत नाही. त्यापेक्षा शिक्षकांनी म्हापसा ते साखळी हा बसमार्ग घ्यावा : म्हापसा, अस्नोडा, मुळगाव, डिचोली, साखळी. पाच विद्यार्थ्यांना पाच चिठ्ठ्या द्याव्यात. प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीवर मागच्या व पुढच्या थांब्याचे नावच लिहावे, अन्य काही नाही. मग मुळगावाला बाजूस उभे करावे आणि इतरांनी आपापल्या चिठ्ठ्या दुरुस्त कराव्यात. सहावा विद्यार्थी केवळ चिठ्ठ्या वाचीत म्हापशाहून साखळीस जाईल आणि परत येईल. जाताना मुळगाव लागले नाही पण परतताना लागले, तर डिचोलीच्या चिठ्ठीवरील ‘मागील’ हा खाना बदलावयाचा राहिला आहे. उलट घडले, तर अस्नोड्याची चिठ्ठी तपासावी.